दुसरं रक्त

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही — असं म्हटलं तर माझे विद्यार्थी हसतील. कारण पुणतांब्याच्या शकूची गोष्ट मी वर्षानुवर्षं प्रत्येक वर्गाला सांगत आले. घशाच्या जंतूंचा धडा आला की पुस्तक मिटायचं, खडू ठेवायचा आणि सुरुवात करायची — एका खेड्यात दहा वर्षांची एक मुलगी होती. तिचा घसा धरला. घरच्यांनी डॉक्टरकडे न नेता तिला पडजीभ दाबणाऱ्या बाईकडे नेलं. आणि त्या अडाणीपणापायी पोरीचं हृदय जन्माचं अधू झालं. वर्ग गप्प व्हायचा. मागच्या बाकावरची टगी पोरंसुद्धा. पुढे कधी रस्त्यात भेटले की म्हणायचे, बाई, बाकी सगळं विसरलो, पण ती गोष्ट अजून लक्षात आहे.

त्या गोष्टीत एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त तीत मी कुठेच नव्हते.

आज ती माझ्यासकट सांगते. तुम्ही मला ओळखत नाही हे बरंच आहे. ओळखीचं माणूस समोर असलं की मी काहीतरी सावरून घेते — फार जुनी सवय आहे.

सत्तरच्या दशकाची सुरुवात, मोठ्या दुष्काळाच्या आधीचं वर्ष. मी नगरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते आणि पुण्याच्या एका सरांकडे पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं. वय तिशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, आणि या दोन्हींबद्दल लोक जे बोलत ते ऐकू न आल्याचं सोंग मी छान वठवत असे. विभागात मी एकटीच बाई. पुरुष सहकारी चांगले होते, पण माझ्या संशोधनाला ते ‘बाईंचा छंद’ म्हणायचे. भरतकाम असतं ना, तसा. मला फार राग यायचा त्याचा. तो राग या गोष्टीत आहे, म्हणून सांगितलं. कारण म्हणून नव्हे.

माझा विषय म्हणजे घशात राहणारा एक जंतू, स्ट्रेप्टोकोकस. सूक्ष्मदर्शकाखाली तो मण्यांच्या माळेसारखा दिसतो. त्याच्या अंगावर प्रथिनांची बारीक लव असते, कोवळ्या भेंडीवर असते तशी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळायला धावतात, पण या लवेमुळे तो त्यांच्या हाती लागत नाही. शरीराला एकदा त्या लवेची ओळख पटली, तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार झाली, की मग त्याचं काही चालत नाही. अडचण एवढीच की लवेचे प्रकार पुष्कळ. एक ओळखली म्हणून दुसरी ओळखता येते असं नाही. माझं काम म्हणजे आपल्या भागातल्या घशांमध्ये कोणकोणत्या लवेचे जंतू आहेत ते शोधणं.

मोठा लबाड जंतू. प्रयोगशाळेत आयतं खायला मिळालं की तो हळूहळू लव टाकून देतो, आणि माणसाच्या ताज्या रक्तात वाढवला की पुन्हा अंगावर घेतो. त्यासाठी मी अधूनमधून स्वतःच्याच दंडाला पट्टा आवळून रक्त काढून घ्यायची. रक्त काढण्याचं मला काहीही वाटेनासं झालं होतं. हेही लक्षात असू द्या.

पुणतांबा माझं माहेर. दादा — माझा थोरला भाऊ — तिथे शेती करायचा. कॅनॉलखालचा ऊस, थोडा गहू. शाळेतल्या मुलांच्या घशाचे नमुने घ्यायला त्याच्यामुळेच परवानगी मिळाली होती. कापसाच्या काड्या मुलांच्या घशातून फिरवायच्या, नळ्यांत घालायच्या, नळ्या जेवणाच्या डब्यात बसवायच्या आणि तो डबा मांडीवर घेऊन रेल्वेनं नगर गाठायचं. गाडीतल्या बायका विचारायच्या, काय नेताय ताई, पुरणपोळ्या का? मी म्हणायची, हो.

त्या नमुन्यांत एक वाण असा निघाला की ओळखीच्या लवांची प्रतिद्रव्यं असलेल्या माझ्याजवळच्या कुठल्याच रक्तद्रवाला तो दाद देईना. मी पुन्हा पुन्हा तपासलं. नवीन लव! आजवर कुणी नोंदवलेली नाही अशी — आणि ती सापडली होती पुणतांब्याच्या शाळेत, मला. पण ‘नवीन आहे’ म्हणून कोण ऐकणार? तिच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं दाखवायला हवीत. सशांना टोचून बघितलं. दोन ससे मेले, उरलेल्यांनी काही दिलं नाही. सर म्हणाले, सशांवर नेहमी भागत नाही. हाच जंतू होऊन कुणी आजारी पडलेलं आढळलं, तर त्या माणसाचं आजाराच्या सुरुवातीचं रक्त आणि तीन-चार आठवड्यांनंतरचं दुसरं रक्त, अशी जोडी मिळाली तर उत्तम. मधे पेनिसिलिन मात्र पडलेलं नको, त्यानं प्रतिद्रव्यं नीट तयार होत नाहीत.

सरांनी पद्धत सांगितली होती. पुढचं त्यांनी सांगितलेलं नाही. ते माझं.

एका रविवारी मी पुणतांब्याला गेले तर शकू अंथरुणात. दादाची ही थोरली मुलगी, माझ्यावर भारी जीव. शाळेत मुलं काडी पाहून रडायची, तेव्हा ही पुढे येऊन आ वासायची आणि बाकीच्यांना म्हणायची, “माझी आत्या हाय ती, काय करती का?” माझ्याकडे सूक्ष्मदर्शक आहे याचा तिला एवढा तोरा की गावात तिनं मला मोठी डॉक्टरीण करून टाकलं होतं. त्या दिवशी अंगात ताप, गिळताना डोळ्यांत पाणी. मी बॅटरी लावून घसा बघितला. लालभडक, त्यावर पांढरे ठिपके, गळ्याच्या गाठी सुजलेल्या. त्याच आठवड्यात तिच्या वर्गातल्या दोन मुली अशाच पडल्या होत्या, असं वहिनी सांगत होती.

मी काडी फिरवली. मग रक्तही घेतलं. शकूनं हात पुढे केला आणि सिरिंजमध्ये चढणारं रक्त बघत बसली. “आत्या, जंतू दिसला का गं?” तिनं घोगऱ्या आवाजात विचारलं. मी म्हटलं, अजून नाही.

तेवढ्यात वहिनी आली. आमची वहिनी साधी, पण भोळी नव्हे. काय करायचं ते विचारूनच करणारी. पदराला हात पुसत तिनं विचारलं, “वन्सं, डाक्टरकडनं सुई टोचून आनू का गंगूमावशीकडं नेऊ? तुमी म्हनाल तसं.”

गंगूमावशी म्हणजे गावातल्या शिंप्याची आई. कुणाचा घसा धरला, कुणाला सारखा ठसका लागला, की बायका पोराला तिच्याकडे न्यायच्या. पडजीभ उतरलीय म्हणायच्या. ती हात धुवायची, अंगठा हळद-मिठात बुडवायची आणि टाळूला आतून दाबायची. मग डोक्यावरच्या मधल्या केसांची बट बोटाला गुंडाळून एक हिसका द्यायची. पोर किंचाळायचं आणि पडजीभ चढायची, असा समज. लहानपणी मीही हिसका खाल्लेला आहे. मोठेपणी मी या प्रकाराची इतकी टिंगल करायची की दादा माझ्यासमोर तो विषयच काढायचा नाही.

आणि त्या दिवशी मी काय म्हटलं? म्हटलं, “पडजीभच उतरलीय वहिनी. सुई कशाला उगीच? गंगूमावशीकडे ने.”

वहिनीला नवल वाटलं. तिच्या तोंडावर दिसलं मला ते. पण नणंद शिकलेली, ती म्हणते म्हणजे असेल. उलट तिला बरंच वाटलं असावं — आपल्या गावच्या गोष्टीला वन्संनी एकदाची मान डोलावली.

मी त्या वेळी स्वतःला सांगितलं की अजून खात्री कुठे आहे? घसा काय शंभर कारणांनी धरतो. तर तीही पळवाट बुजवून टाकते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नगरला मी शकूच्या काडीवरचे जंतू वाढवलेली रक्ताची ताटली उजेडात धरली. जंतूंच्या ठिपक्यांभोवती रक्त विरून स्वच्छ गोल पडले होते. तोच जंतू. दोन दिवसांत हेही कळलं की तोच वाण — माझा. घसा धरल्यापासून आठवडाभरात पेनिसिलिन दिलं तरी पुढचा धोका टळतो, हे मी वर्गात शिकवत होते. पुणतांब्याला रोज गाडी होती. पोस्टात तार होती. डॉक्टरचा दवाखाना दादाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता. एक ओळ पुरली असती.

मी गेले नाही. तारही केली नाही.

धोका काय, तो माहीत नव्हता का? चांगला माहीत होता. या जंतूची लव आणि आपल्या हृदयाचं स्नायू-मांस यांत कुठेतरी साम्य असावं, असं तेव्हा नुकतं बोललं जाऊ लागलं होतं. लवेशी लढायला उभं राहिलेलं शरीर चुकून स्वतःच्याच हृदयावर उलटतं. आधी सांधे सुजतात, मग हृदयाच्या झडपा जातात. पण बहुतेक मुलं काही न होता बरी होतात, हेही खरंच आहे. मी त्या ‘बहुतेक’वर शकूला बसवलं आणि थांबले. मला डॉक्टरेट हवी होती. एवढंच होतं ते. शकूचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. पण तिचं चांगलं होण्याआधी मला माझं दुसरं रक्त हवं होतं.

तीन आठवड्यांनी सिरिंज उकळून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. शकू ओट्यावर बसलेली. मला पाहून उठली आणि लंगडत आली. उजवा गुडघा टम्म सुजलेला. वहिनी म्हणाली, “चार दिवस झालं. आधी घोटा सुजला हुता, तो उतरला तर आता ह्यो गुडगा. खेळताना पडली असंल.”

एक सांधा उतरतो, दुसरा धरतो. याचा अर्थ काय हे मला कुणी सांगायला नको होतं. ते पुस्तकातलं वाक्य लंगडत माझ्याकडे आलं होतं.

आता लक्ष देऊन ऐका, कारण माझा कबुलीजबाब खरं तर या एवढ्याशाच गोष्टीचा आहे. बाकीच्याला एखाद वेळ चूक म्हणता येईल, मोह म्हणता येईल. त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. तिला उचलून नगरला न्यायला हवं हे कळलं होतं. आणि मी आधी रक्त काढलं.

तिला जवळ बसवलं, दंड बांधला, शीर शोधली. शकूनं विचारलं, “आता दिसंल का गं जंतू?” मी म्हटलं, दिसेल. नळी भरली, बूच लावलं, डब्यात नीट उभी ठेवली. मग वहिनीला म्हटलं, हिला नगरला न्यायला हवं, लगेच.

नगरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. हृदयात फुसफुस होती. त्यांनी वहिनीला विचारलं, मागे घसा धरला होता का? काय औषध केलं? वहिनी म्हणाली, पडजीभ दाबून घेतली. डॉक्टर चिडले. माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, तुमच्यासारखी बाई घरात असताना हे? मी इंग्रजीत उत्तर दिलं, मी नगरला असते, मला फार उशिरा कळलं.

वहिनी शेजारीच उभी होती. आम्ही काय बोललो ते तिला कळलं नाही. डॉक्टरांनी मान हलवली तशी तिनंही हलवली. माझी खात्री झाली की डॉक्टरांसमोर मी सुटले. आणि तेवढ्या वेळेपुरतं मला हलकं वाटलं, हेही लपवत नाही.

शकू दवाखान्यात असतानाच मी कॉलेजात जाऊन ते दुसरं रक्त तपासलं. काचेच्या बारीक नळीत जंतूचा अर्क आणि तिचा रक्तद्रव एकमेकांवर सोडले. जिथे ते भेटले तिथे पांढरं, नाजूक कडं उभं राहिलं — प्रतिद्रव्यं तयार झाल्याची खूण. पहिल्या रक्तात ते नव्हतं. मी आनंदानं टेबलावर हात आपटला. शेजारच्या खोलीतले सहकारी धावत आले आणि त्यांनी माझं अभिनंदन केलं. त्या दिवसापासून त्याला कुणी छंद म्हटलं नाही.

वहिनीनं मला कधी दोष दिला नाही. “तुमाला तरी काय कळनार? तुमी जंतूच्या डाक्टर, मान्साच्या न्हाई,” असं म्हणून तिनंच माझी समजूत घातली. दोष तिनं स्वतःला दिला. आणि स्वतःपेक्षा जास्त गंगूमावशीला. गावभर झालं — शिंप्याच्या म्हातारीनं घाणेरडा अंगठा घातला, पोरीच्या काळजात इख गेलं.

महिन्याभरानं गंगूमावशी मला स्टेशनच्या वाटेवर गाठून उभी राहिली. मी तिच्या अंगाखांद्यावर खेळलेली. तिनं इकडे-तिकडे पाहिलं आणि विचारलं, “तू शिकलेली हाय, तुला कळतं. माझ्या अंगठ्यानं झालं का गं पोरी?” नाही, एवढा एकच शब्द सांगायचा होता. शास्त्रानं खरं, आणि माणुसकीनंही. पण ‘नाही’ म्हटलं की ती विचारणार, मग कशानं? मी म्हटलं, “मावशी, आता पुन्हा कुणाला अंगठा लावू नका.”

ती म्हणाली, “न्हाई लावनार.” आणि तिनं खरंच लावला नाही. बायका आधीच यायच्या बंद झाल्या होत्या. पुढे तिच्या मुलाकडे शिवायला कापड द्यायलाही काही घरं कचरू लागली, असं दादा एकदा सहज सांगून गेला.

मला पदवी मिळाली. प्रबंधात शकूचं नाव नाही, असायचंही नसतं. ‘आजारातून उठलेल्या एका मुलीचा रक्तद्रव’ एवढंच आहे. ‘आजारातून उठलेल्या’ — हे मीच लिहिलं.

शकू उठली, पण अर्धीच. दर तीन आठवड्यांनी तिला पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागे. तेच, जे मी तेव्हा अडवलं होतं. त्याची सगळी सोय मी लावून दिली, औषध न चुकता पाठवत राहिले, पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवून आणलं. आत्यानं पोरीला जगवलं, असं गावात म्हणत. तिला शिवण शिकायचं होतं, बसून करता येईल असं काम. गावात शिकवणारं घर एकच, गंगूमावशीचं, आणि वहिनी तिला तिथं पाऊल टाकू देईना. मग मी मशीन घेऊन दिलं. ती आपली आपणच शिकली. बाह्या कायम थोड्या वाकड्या बसायच्या. स्थळं यायची. दादा कधी काही लपवायचा नाही. पोरीचं हृदय अधू आहे, असं आधीच सांगून टाकायचा. पाहुणे चहा पिऊन जायचे. त्याचा तो खरेपणा बघितला की मला तिथे बसवत नसे.

तिशी गाठायच्या आत शकू गेली.

तेराव्याला पुणतांब्याच्या घरी पंगत बसली होती. माझ्या पानात वहिनी स्वतः वाढत होती. तेवढ्यात फाटकाशी गंगूमावशी दिसली. पार वाकलेली, डोक्यावरून पदर घेतलेली. ती आत आली नाही. नुसती उभी राहिली. वहिनी हातातलं भांडं तसंच धरून माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांत तिचं मन मऊ झालं असावं, कारण आवाजात राग नव्हता. “वन्सं,” ती हळूच म्हणाली, “घेऊ का तिला आत? तुमी म्हनाल तसं.”

मी म्हटलं, “आज नको.”

मावशी काठी टेकत निघून गेली. मी पानातलं सगळं संपवलं.

त्याच आठवड्यात कॉलेजात घशाच्या जंतूंचा धडा होता. मी पुस्तक मिटलं, खडू ठेवला आणि ती गोष्ट सांगितली, नेहमीसारखीच. फक्त आता तिला शेवट होता, तोही सांगितला. वर्ग नेहमीपेक्षा जास्त वेळ गप्प राहिला.